दोन दिव्यांचा फोटो

मी शिकवते त्या शाळेत मधल्या सुट्टीत तार आली. मोठ्या बाईंनी ती आधी वाचली होती, हे त्यांनी मला खुर्ची पुढे केली तेव्हाच कळलं. मनोहरदादा गेला होता. सकाळीच, बसल्या जागी. अमरावतीहून अकोल्याची एस.टी. मिळाली, खिडकीजवळची जागाही मिळाली, पण मला रडू येईना. मला राग येत होता. मूर्तिजापूर मागे पडलं तरी मनात एकच चाललं होतं, की या माणसानं जन्मभर लोकांचे फोटो काढले आणि स्वतःचा एक काढू दिला नाही. आता वहिनी भिंतीवर काय लावेल?

आमचं गाव पातूरजवळचं. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या आदल्या वर्षी दादानं अकोल्यात कापूस बाजाराच्या रस्त्यावर स्टुडिओ टाकला. पुढे स्टुडिओ, मागे दोन खोल्यांत संसार. पडद्यावर नदी आणि नारळाची झाडं रंगवलेली होती. अकोल्यात नारळाचं झाड कुणी पाहिलं होतं, पण गिऱ्हाईक त्या नदीकाठी उभं राहायला खूश असे. घरातल्या सगळ्यांना दादानं तिथं बसवलं, आईला तर मारूनमुटकून. मात्र त्याच्यासमोर कुणी कॅमेरा धरला की हा तोंड फिरवायचा. त्यामागे लाजबीज काही नव्हती, होता तो फक्त तोरा. "एकच दिवा समोरून मारला का माणूस भितीवर थापलेल्या गोवरीवानी दिसते, शांते. बाजूनं दुसरा पायजे, तवा नाक वर येते. माहा फोटो निंगन तं दोन दिव्यायचा निंगन. नायतं नाही." आई म्हणायची, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तो नुसता हसायचा.

दोन दिवे त्याच्याकडे होते, हीच तर मेख. एक लहान, कॅमेऱ्यालाच लावलेला. दुसरा नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला जुनाट फ्लॅश. उंच स्टँडवर परातीएवढा दिवा आणि खाली वीज साठवणाऱ्या कंडेन्सरनं भरलेली लोखंडी पेटी, दोघांनी उचलावी अशी. दादा त्याला म्हातारा म्हणायचा. म्हातारा भारी उजेड पाडायचा, पण एकदा पेटला की पुन्हा दम भरायला त्याला वेळ लागे. आणि रोज वीज पाजली नाही तर त्याचे कंडेन्सर मरतात म्हणे, म्हणून सकाळी उठल्याबरोबर तोंड धुवायच्या आधी दादा पेटीचं बटण दाबायचा. दम भरून तिच्यावरचा लाल दिवा लागला की मग चहा. "म्हाताऱ्याले उपाशी ठेवू नाही," हे त्याचं रोजचं वाक्य. वहिनी आतून म्हणायची, "आन् आमाले?"

कॅमेऱ्यापासून म्हाताऱ्यापर्यंत एक लांब तार जायची. त्या तारेनं दादाचा जीव खाल्ला. ओल्या फरशीवर ती झटके द्यायची, आणि एका लग्नात करवलीच्या पायात अडकून अख्खा दिवा मांडवात आडवा झाला. नशिबानं कुणाला लागलं नाही. त्या दिवसापासून दादानं तार काढून टाकायचा ध्यास घेतला. त्याला कुठल्याशा मासिकात विजेचा डोळा सापडला. लहान फ्लॅशचा उजेड डोळ्यावर पडला की डोळा मोठ्या दिव्याला पेटवणार, मध्ये तारेचं काम नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मित्राबरोबर बसून त्यानं तो डोळा तपकिरीच्या डबीत बसवला. पण म्हाताऱ्याचा प्रवाह जुन्या काळचा, दांडगा. डबीतून थोडा धूर निघायचा आणि दादाचं पत्र यायचं, "म्हाताऱ्यानं पुन्हा डोळा खाल्ला." शेवटी मित्रानं मधे एक रिले बसवला, म्हणजे डोळ्यानं नुसता इशारा करायचा आणि जाळ दुसऱ्यानं सोसायचा. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले तेव्हा दादानं मला हाताला धरून स्टुडिओत नेलं. कॅमेऱ्याचा खटका दाबला आणि कोपऱ्यातला म्हातारा लख्खकन पेटला. "पाह्य! मधात हात फिरवून पाह्य. काहीच नाही!" मी खरंच हात फिरवला. दादाला इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"आता बस मग स्टुलावर," मी म्हटलं. वहिनीला त्यानं खटका दाबायचं शिकवलं होतंच. पण नाही. आधी एक लग्न पार पडू दे, डोळा पारखू दे, मग निवांत बसू.

ते लग्न एका कापसाच्या व्यापाऱ्याकडचं होतं. डोळ्याला आपला परका कळत नाही, हे दादाच्या लक्षातच आलं नव्हतं. वरात दारात आली, अनार उडाले, म्हातारा पेटला. दम भरतो न भरतो तोच नवऱ्याच्या मामानं आपल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश उडवला, म्हातारा पुन्हा पेटला. कुणीही चमकवावं आणि यानं मान डोलवावी. हार घालायची वेळ आली तेव्हा पेटी रिकामी, लाल दिवा बंद, आणि हातात माळा धरून नवरानवरी दादाकडे बघताहेत. फोटो निघाले ते लहान दिव्याचे, अंधारे. "फोटोग्राफर हाये का गारुडी?" असं मुलीचा बाप भर मांडवात म्हणाला. अकोला मोठं असलं तरी अशी गोष्ट पसरायला लहानच. लग्नाची कामं आटली, आणि म्हातारा स्टुडिओच्या कोपऱ्यात कायमचा जाऊन बसला, तोंड नदीच्या पडद्याकडे करून.

तिथंही डोळ्याचा जाच होताच. जवळ कुणी बिडी पेटवायला काडी ओढली तरी हा भडकायचा. म्हातारीकोतारी गिऱ्हाइकं दचकून स्टुलावरून उठायची. मी म्हटलं, दादा, काढ तो डोळा, जोड तार. तो म्हणाला, "कावून काढू? थो त्याचं काम करून राह्यला. लोकच काड्या ओढतेत." अशा माणसाशी बोलून उपयोग नव्हता. गेल्या दिवाळीत मात्र मी हट्टालाच पेटले. त्याला इस्त्रीचा सदरा घालायला लावला, स्टुलावर बसवलं. वहिनी कॅमेऱ्यामागे उभी राहिली. दादानं मान तिरपी केली, जशी तो हजार लोकांची करायचा तशी... आणि लाईन गेली. लहान दिव्यावर काढू म्हटलं, तर उठूनच उभा राहिला. "पुढल्या खेपेले, शांते. पळून चाल्लो का मी?"

मी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. मागच्या खोल्यांत जागा नाही म्हणून त्याला स्टुडिओतच ठेवलं होतं, पडद्याखाली, मान उशीवर उंच करून. पांढरी चादर, डोक्याशी आतल्या खोलीतून पेटवून आणलेली मेणबत्ती. सदरा तोच दिवाळीचा होता. माझ्यासाठीच सगळे थांबले होते. आमच्या मामांनी बुद्धवंदना घेतली. मग आमच्याकडे शेवटचा फोटो काढतात तो काढायचा ठरला. अकोल्यातले त्याचे सोबती लग्नसराईत बाहेरगावी, म्हणून बार्शीटाकळीहून एकाला बोलावलं होतं. त्याच्यापाशी फ्लॅशचा एकच बल्ब शिल्लक होता. आम्ही दादाभोवती बसलो. मला बरं वाटलं. एका दिव्याचा, गोवरीसारखा का होईना, पण त्याचा फोटो निघणार होता. वहिनीनं त्याचे केस हातानं नीट केले.

खटका वाजला आणि खोली दोनदा उजळली. म्हणजे तेव्हा ते एकदमच झालं, पण दुसरा उजेड आम्ही सगळ्यांनी पाहिला. कोपऱ्यातला म्हातारा दादाच्या तोंडावर पेटला होता. मागच्या बायका ओरडल्या. फोटोग्राफर कॅमेरा घेऊन दोन पावलं मागे सरला. वहिनी तेवढी हलली नाही. हळूच म्हणाली, "पेटी चालूच राह्यली. सकाळी त्यायनंच लावली व्हती."

काय झालं असेल ते मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माणूस आशा सोडत नाही. उलट, त्याला नेताना मी वेड्यासारखी म्हणत होते की निघाला, दादाचा दोन दिव्यांचा फोटो निघाला. आठवड्यानं प्रिंट आली. त्या बिचाऱ्या फोटोग्राफरनं आपल्या एका बल्बाचा हिशेब धरला होता, आणि वर म्हाताऱ्याचा तो धबधबा. पडद्यावरची नदी दिसते, कडेला मामांचा खांदा दिसतो, वहिनीचा हात दिसतो. त्या हाताखाली पांढरं आहे. नाक नाही, डोळे नाहीत, कपाळ कुठे संपतं आणि उशी कुठे सुरू होते तेही कळत नाही. निगेटिव्ह आणून दाखव म्हटलं. तिच्यात चेहऱ्याच्या जागी काळा डाग होता. यातून काही निघणार नाही बाई, तो म्हणाला, आणि त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं.

दुसरा फोटो नाही. मी नातेवाइकांना विचारलं, गावी विचारलं. एका लग्नाच्या फोटोत आरसा आहे, त्यात दादाची कोपरं आणि कॅमेऱ्यावर टाकलेलं काळं फडकं आहे. बस.

परवाच्या रविवारी गेले होते. वहिनीनं तीच पांढरी प्रिंट चौकटीत बसवून कोपऱ्यातल्या स्टँडजवळ टांगली आहे. येणारेजाणारे तिच्याकडे पाहतात आणि नजर वळवतात. सकाळी मी जागी झाले तर पेटीवरचा लाल दिवा लागलेला.

"वहिनी, आता कशाले लावता हो?"

"त्यायनं सांगतलं नाही का, उपाशी ठेवू नाही म्हून."

ती आंघोळ करून आली, फोटोपुढे उभी राहिली आणि तिनं उदबत्तीसाठी काडी ओढली. मी दचकले. तिची पापणीही लवली नाही. म्हातारा लख्खकन पेटला होता. समोर नदी होती, नारळाची झाडं होती आणि रिकामं स्टूल होतं. तिनं उदबत्ती लावली, काडी विझवली, आणि लाल दिवा पुन्हा लागेपर्यंत तिथंच स्टुलाकडे बघत उभी राहिली.