ओठ मिटेनात तेव्हाचं नाम

मागच्या चैत्रात एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळून गेलं. आरशात पाहिलं तर अर्धं तोंड उतरलेलं. तोंडावरून वारं गेलं होतं. केजच्या डॉक्टरांनी सांगितलं की नस सुजली आहे, हळूहळू सुधारेल, घाई करू नका. पण गावात हरिनाम सप्ताह जवळ आला होता, आणि बायकांच्या भजनात चाल सांगायला आजवर मीच पुढं असायचे.

देवापुढं न्यायचं ते निर्दोष असावं, असं मला पहिल्यापासून वाटायचं. अभंगात एखादं अक्षर घसरलं तरी पुढचे कित्येक दिवस मन खात राहायचं. आता तर ‘राम’मधला म सुद्धा ओठांत मिटेना. मी दार लावून आरशापुढं बसायचे, ओठ बोटांनी धरून तेच तेच म्हणायचे, आणि नाही जमलं की स्वतःच्याच गालावर चापट मारायचे. आमचे हे बाहेरून म्हणायचे, पुरे कर आता. मी ऐकत नव्हते. जन्मभर ज्याचं नाव घेतलं त्यानं नेमकं तोंडच का धरावं, याचा रागही होता. शेवटी नाम घेणंच सोडलं. वाकडं देण्यापेक्षा न दिलेलं बरं, असं वाटलं.

सप्ताहात धाकट्या जावेनं हट्टानं दुपारी देवळात नेलं. पदर तोंडावर ओढून मी खांबाशी बसले. बायकांचा पहारा चालू होता, म्हणजे पाळीपाळीनं एकेकीनं वीणा घेऊन उभं राहायचं आणि नाम घ्यायचं. ऊन मी म्हणत होतं. वीणा घेऊन उभ्या असलेल्या गावातल्या एका सूनबाईला एकाएकी घेरी आली. सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत आणि नामही थांबू देत नाहीत. मी जवळ दिसले म्हणून तिनं वीणा माझ्याच गळ्यात घातली, आणि जाऊ तिला धरून सावलीत घेऊन गेली.

मी उभी राहिले. तारेवर बोट फिरत होतं, पण तोंड उघडेना. खाली एक म्हातारी टाळ घेऊन बसली होती, आमच्या गावची नव्हती. तोंडात एकही दात नव्हता. ती म्हणाली, “म्हण की बाई.”

मी कसंबसं म्हणाले, “माझं वाकडं येतंय.”

“दात गेले तवापासून माझंबी वाकडंच येतंय. देव काय न्हाई म्हणला न्हाई अजून.” मग माझ्या चेहऱ्याकडं नीट बघून तिनं आवाज उतरवला. “आजारी हाईस तू. आजारी लेकराला कुणी असं रागं भरतं का?”

स्वतःवर मी केलेल्या रागाबद्दल तिला कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. माझा बांध फुटला. रडत रडतच मी ‘राम कृष्ण हरी’ म्हणू लागले. अक्षरं फाटत होती, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. हात वीणेवर, पुसणार कशी? म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली, आपल्या पदरानं तिनं माझी हनुवटी पुसली आणि माझ्याच शेजारी उभी राहून तसंच बोबडं नाम घेऊ लागली. दुसरी बाई पहाऱ्याला येईपर्यंत आम्ही दोघी तशाच म्हणत राहिलो. इतकं चुकीचं नाम मी कधी घेतलं नव्हतं, आणि इतकी शांतही कधी झाले नव्हते.

नंतर कळलं, ती दिंद्रुडची. लेकीकडं आली होती आणि संध्याकाळच्या जीपनं परतही गेली. तिला मी देव म्हणत नाही. माणूसच होती, मायेची. पण त्या दुपारी तिला माझ्यापुढं कुणी बसवलं, हे मी माझ्यापुरतं जाणते.

तोंड बरंचसं सुधारलं. हसताना डावी बाजू अजून जरा मागं राहते. आजही भजनात शब्द निसटतो. मी थांबते, श्वास घेते आणि पुढचा धरते. तोंड सरळ कर, आवाज चांगला दे, असं मागणं आता उरलेलं नाही. हात जोडून एवढंच म्हणते, देवा, जसं निघेल तसं तुझं.