हरेश्वरकाकांनी उघडलेला कीबोर्ड

कीबोर्डच्या पट्ट्यांत तेल सोडून तो दुरुस्तीला आणणाऱ्याला हरेश्वरकाका आधी शिवी हासडत, मग हाताला लागेल ते फेकून मारत. आमची पहिली भेट अशीच झाली. मी वेळेवर वाकलो म्हणून स्क्रूड्रायव्हर भिंतीवर आदळला. "तेल घालायला ही काय सायकल हाय?" मी भजनी मंडळात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे गास गावात त्यांच्या पडवीत माझं जाणं-येणं सुरूच राहिलं. "पट्टी आपनहून मुकी होत नाय," ते म्हणत. "कोनीतरी कायतरी केलेलं असतं."

एका दुपारी शेजारच्या चाळीतला संजू आला. हा लग्नांत वाजवायचा. त्याच्या कीबोर्डच्या मधल्या पाच पट्ट्या वाजत नव्हत्या. "हातातून पडला," एवढंच म्हणाला आणि फाटकापाशी मोटरसायकलवर जाऊन बसला.

काकांनी कीबोर्ड उलटा करून उघडला आणि पट्ट्यांखालचं रबर उचललं. खाली रक्त सुकून चिकटलं होतं. त्यात हिरव्या बांगडीचे तुकडे आणि लांब केस. काकांनी स्पिरिटचा कापूस खाली ठेवला आणि ते उठून फाटकापाशी गेले.

"बायको कुठाय रे तुजी?"

"तुम्ही तुमचं काम करा ना, काका."

काकांनी त्याच्या थोबाडीत मारली. साठीचा माणूस, पण संजू गाडीसकट कोलमडला. उठला तो थेट पडवीत घुसला आणि त्याने हातोडी उचलली. काका मागोमाग आले, तसा त्यांचा उजवा हात पायरीवर दाबून त्याने तीन घाव घातले. मी मध्ये पडलो, तर माझा दात गेला. शेजारी धावून आले तसा तो गाडीवरून पळाला.

काकांनी हाताला टॉवेल गुंडाळला. "चल. तो घरीच गेला असंल."

आम्ही चाळीकडे धावलो. संजूची गाडी दिसेना. त्याच्या दाराला बाहेरून कुलूप. काकांनी डाव्या हाताने दगड घालून ते तोडलं. आत त्याची बायको सुमन जमिनीवर पडली होती. डोक्याची जखम चिघळलेली, अंगात ताप. "मारू नका," एवढंच ती म्हणाली. तिला आधी दवाखान्यात नेलं, मग पोलिसांत गेलो. संध्याकाळी संजू सापडला. सुमन वाचली, माहेरी गेली.

काकांची दोन बोटं काढावी लागली. दुरुस्ती बंद झाली. शेवटच्या आजारात मी म्हणालो, "काका, त्या दिवशी तुम्ही बरोबर केलंत."

"नाय रे," ते म्हणाले. "चुकलं माजं. गुपचूप आधी तिच्याकडं जायला पायजे होतं. मी मारला, म्हनून तो खवळून सुटला. तो आपल्याआधी घरी पोचला असता तर?"

 त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.