कान टोचू न देणारी आजी

मांडवगण फराट्याच्या साखरबाईचं नाव ज्यानं ठेवलं त्याला कोपरापासून हात जोडावेत. बाईच्या तोंडात गोडवा औषधालाही नव्हता. तिला पाहून बायका दार लोटून घ्यायच्या, आणि त्यात त्यांची फारशी चूक नव्हती. साखरबाई ज्या उंबऱ्यावर उभी राहायची, त्या घरात रक्ताचा आजार आहे असं गाव धरून चालायचं. ज्यांच्या घरी पेशंट, त्यांनाच ती सगळ्यात जास्त नकोशी व्हायची.

तिच्या मुलाला, रविराजला, हिमोफिलिया होता. जखम झाली की रक्त थांबायचं नाही, आणि नुसता मुका मार लागला तरी सांध्यात रक्त साचायचं. लहानपणी तो सायकलवरून पडला तेव्हा गुडघा कलिंगडासारखा सुजला. देवऋषी झाले, हाडवैद्य झाला, त्यानं चोळूनचोळून पोराला पार अर्धमेलं केलं. शेवटी पुण्याच्या सरकारी दवाखान्यात आजाराला नाव मिळालं. तोवर गुडघा कायमचा आखडला होता. पुढे रविराजनं शिरूरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं, पण त्या हाडवैद्याचं नाव निघालं की साखरबाईच्या कपाळाची शीर आजही फुगते.

दवाखान्यातच तिला या आजाराच्या लोकांसाठी काम करणारी संस्था भेटली. एका बैठकीत तिथल्या मॅडम सांगत होत्या की कुणी पेशंटची ने-आण करावी, कुणी शाळेत जाऊन मास्तरांना समजावावं, कुणी फोनवर बसावं, कुणी नव्या घरांना भेटी द्याव्यात, ज्याला जे जमेल ते. साखरबाईला विचारलं, तुम्हाला काय येतं? ती म्हणाली, "मला भांडता येतं."

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी शिरूर आणि दौंड हे दोन तालुके तिच्या पदरात घातले.

मग बाई भांडली. रक्त थांबवायचं इंजेक्शन संपलंय म्हणणाऱ्या खिडकीशी भांडली, अपंगाच्या दाखल्यासाठी खेटे घालायला लावणाऱ्या बाबूशी भांडली, पोराला पळायची शिक्षा करणाऱ्या मास्तराला तर तिनं भर वर्गात घाम फोडला. त्याबद्दल लोकांनी तिला डोक्यावरही घेतलं असतं. पण तिचा एक हट्ट होता आणि तो कुणालाच सोसायचा नाही. पेशंटच्या बहिणीची सोयरीक जुळवताना आजार सांगायचा, लपवायचा नाही, असं ती पेशंटच्या घराघरात बजावायची. लोक म्हणायचे, हिला दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं मोडायची हौस आहे.

स्वतःच्या लेकीचं, सविताचं, लग्न ठरताना तिनं तेच केलं. मुलाचे वडील मारुतराव म्हणजे भीमेपलीकडचे, दौंड तालुक्यातले, दूध संस्थेचे चेअरमन. सविता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असताना साखरबाईनं त्यांना स्पष्ट सांगितलं, "पोरगी ठणठणीत हाय. पर तिच्या पोटी मुलगा झाला तर त्याला ह्यो आजार असू शकतो. जल्मला की तपासायचं. तवर सुई न्हाई, तार न्हाई."

"तवाचं तवा बघू," मारुतराव म्हणाले होते. "पोरगी आमाला पसंत हाय."

माणूस मोठ्या मनाचा आहे, असं साखरबाईला वाटलं होतं. आयुष्यात फार थोड्या लोकांबद्दल तिला तसं वाटलं. मारुतरावांनी घरी मात्र बायकोलाही यातलं अवाक्षर सांगितलं नाही. पहिली मुलगी झाली, विषय निघाला नाही.

दुसऱ्या खेपेला मुलगा झाला. लस दिलेल्या जागी बाळाच्या मांडीवर काळीनिळी गाठ आली आणि सवितानं घाबरून आईला फोन केला. साखरबाईनं लगेच मारुतरावांना फोनवर गाठलं. "बारसं हुंद्या, मग बघू," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

बारशाला मांडव भरला होता. मारुतरावांच्या धाकट्या लेकीच्या, अनुपमाच्या लग्नाची बोलणी चालू होती, ते पाहुणे पुढच्या खुर्च्यांवर मानानं बसले होते. पाळण्याजवळ सोनार सोन्याची तार सरळ करत बसला होता. त्या घरात बाराव्या दिवशीच कान टोचायची रीत. साखरबाईनं तार पाहिली आणि हातातलं आहेराचं ताट तसंच खाली ठेवून तिनं सोनाराचं मनगट धरलं.

"इहीणबाई, डोकं फिरलं का काय?" विहीण पार्वतीबाई ओरडल्या.

"कान टोचायचं न्हाईत. लेकराला माझ्या रवीचा आजार असंल. मांडी बघा त्याची. रक्त थांबायचं न्हाई."

पार्वतीबाईंचा चेहरा पांढरा पडला. "आमाला कवा सांगितलं तुमी हे?"

"मालकांना इचारा तुमच्या."

सगळ्या माना मारुतरावांकडे वळल्या. मारुतरावांनी पुढच्या खुर्च्यांकडे पाहिलं. अनुपमाचा होणारा सासरा त्यांच्याकडेच बघत होता.

"मला कुणी काय सांगितलं न्हाई," मारुतराव म्हणाले. "आन् आमच्या नातवाला कसला आजार न्हाई. सोनार, टोच रं."

साखरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. साक्षीदार समोर उभी होती, बाळाला छातीशी धरून. एक शब्द टाकला असता तर सवितानं सगळं सांगितलं असतं आणि चेअरमनची अब्रू मांडवात धुतली गेली असती. शब्द ओठावर आलाही होता. पण मग साखरबाईच्या ध्यानात आलं की खोटा पडलेला माणूस मागं हटणार नाही. आजार नाहीच, हे दाखवायला तो बाळाचे कान आत्ता, इथं, सगळ्यांसमोर टोचून घेईल. त्याला मागं यायला वाट हवी होती, आणि ती वाट तिच्या अंगावरूनच जात होती.

"व्याही खरं बोलत्यात," ती म्हणाली. "मी सांगितलं न्हाई. लपवून पोरगी दिली. फसवलं तुमाला. पर आता टोचू नका."

मारुतराव तिच्याकडे बघतच राहिले. मग फसवल्या गेलेल्या माणसाला शोभेल असा आवाज त्यांनी काढला. "ठेव ती तार," त्यांनी सोनाराला सांगितलं. आणि मग ते जे बोलले, पार्वतीबाई जे बोलल्या, भावकी जे बोलली, ते साखरबाईनं मान खाली घालून ऐकलं. मागच्या रांगेतून दौंडची एक बाई उठली. तिच्या पोराला साखरबाईच दवाखान्यात घेऊन जायची.

"आमच्या पोरीच्या सोयरिकीच्या बारीला मला शानपन शिकवत होती ही. आन् सोता काय केलं बघा. पुन्यांदा आमच्या दारात येऊ नका, मावशी."

ते मात्र लागलं. दोन तालुक्यांत तिला कुणी गोड म्हटलं नव्हतं, पण लबाडही कुणी म्हटलं नव्हतं.

"आजच पुण्याला न्या लेकराला," ती मारुतरावांना म्हणाली.

"ते तुमी सांगायचं कारन न्हाई. निघा तुमी."

सविता मांडवाच्या कडेपर्यंत धावत आली. "आई, खोटं का बोललीस? मी हुते की तिथं. आत्ता जाऊन सांगते सगळ्यान्ला."

"सांगितलंस तर माझ्यासारखी वाईट न्हाई. तार आजून सोनाराच्या खिशातच हाय," साखरबाई दटावून म्हणाली. "लेकराला नीट धर. मांडी दाबू नको."

जेवायला थांब असं कुणी म्हटलं नाही. उपाशीपोटी साखरबाई फाट्यावर एसटीची वाट बघत बसली. पदरानं डोळे पुसावेत तर पुन्हा भरून येत होते, आणि त्याचाही तिला संताप येत होता.

बऱ्याच वेळानं मारुतरावांची गाडी आली. मागच्या सीटवर सविता बाळाला घेऊन बसली होती, तिच्या शेजारी जागा होती. मारुतरावांनी साखरबाईला पाहिलं, नजर वळवली आणि गाडी न थांबवता पुढं काढली. साखरबाईनं त्यांना मनापासून एक शिवी हासडली. मग ती उठून रस्त्याच्या मधोमध गेली आणि गाडी पुण्याच्या बाजूला वळते की नाही, ते टाचा उंचावून बघत राहिली. गाडी वळली.