फळी कोण घालणार

शिरूरच्या बायपासला जीपचं सामान विकणारा हा माणूस गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, आधी पायाकडे बघतो. मला ते खटकायचं.

दौंडकडच्या काळ्या रानात आमची जीप सारखी रुतू लागली, म्हणून चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या घ्यायला बायकोला घेऊन गेलो. दात किती खोल, प्लास्टिक किती जाड, असं मी विचारत राहिलो. तो फळीवरची धूळ पुसत आमचे पाय बघत होता. माझे बूट कोरे होते. हिच्या चपलांना वाळलेला चिखल होता.

"गाडी कोण चालवतं?"

"मी."

"आन् रुतल्यावर खाली कोण उतरतं?"

ही म्हणाली, "मीच की!"

त्यानं एक आखूड, हलकी फळी हिच्या हातात दिली. "उचलून बघा, वहिनी. साहेब लोक स्टेअरिंग सोडत न्हाईत."

हिनं फळी तोलली आणि परत दिली. "इथून पुढं गाडी मी चालवणार."

तो हसला नाही. हलकी फळी जागेवर ठेवून त्यानं आतून लांब, जड फळी आणली आणि माझ्यापुढं धरली.

"मग आता तुम्ही उचलून दावा."