भोवराबाईंचा ठोका

विभागात सगळे त्यांना भोवराबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती! बाईंची जीभ म्हणजे नुसता तिखटाचा डबा. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक, आणि अख्खं आयुष्य एकाच प्रश्नाला वाहिलेलं: सरळ वाहणारा वारा मध्येच बिथरतो का, आणि बिथरल्यावर त्यात काही शिस्त उरते का? लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, "म्हणजे नेमकं करतेस काय गं?" बाई म्हणाल्या, "गडबड मोजते." सासूबाई म्हणाल्या, "मग आमच्या घरात तुला काम कमी पडायचं नाही."

प्रयोगशाळा तळघरात होती. तिथे एक लांबलचक लाकडी बोगदा, एका टोकाला पंखा. आत पोलादी दांड्याच्या टोकाला केसाहून बारीक तार, विजेनं तापवलेली. वारा लागला की ती गार होते, आणि कशी गार होते त्यावरून वाऱ्याच्या खोड्या कळतात. नुसतं बोट लागलं तरी तुटते मेली! तरुणपणी बाईंना त्या बेशिस्त वाऱ्यात एक नियमित ठोका सापडला. त्या ठोक्यानं त्यांना नाव दिलं, नोकरी दिली, मोठमोठ्या परिषदांत पहिल्या रांगेतली खुर्ची दिली.

आणि आता, निवृत्ती तोंडावर आलेली असताना, जुना दांडा वाकला म्हणून त्यांनी जाड दांडा बसवला. ठोका संथ झाला. पुन्हा बारीक बसवला, ठोका जलद. बाईंनी पुन्हापुन्हा बदलून पाहिला, तेच. वाऱ्यात ठोका नव्हताच मुळी! वारा दांड्याला वळसा घालताना त्याच्यामागे भोवरे सुटत होते, त्यांनी दांडा थरथरत होता, आणि तार बिचारी इमानेइतबारे तेच सांगत होती. इतकी वर्षं बाई स्वतःचाच दांडा मोजत होत्या.

त्यांचं जाऊ द्या हो, पण हाताखालच्या पोरीचं काय? तिचा सगळा प्रबंध या ठोक्यावर उभा. तो परीक्षकांकडे पोचलेला, तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात, आणि नोकरी ठरलेली ती पदवी मिळाली तरच.

"अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची," रात्री जेवताना सगळं ऐकून नवरा म्हणाला. "पोरीला पदवी मिळू दे, मग सांग जगाला."

"आणि उद्या दुसऱ्या कोणी दांडा बदलून पाहिला तर? तिच्याच गळ्यात येईल ना सगळं!"

बाईंनी ताट तसंच बाजूला सारलं.

सकाळी त्यांनी पोरीला खोलीत बोलावलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रडेल म्हणून पाण्याचा पेला भरून ठेवला होता. पोर रडली नाही.

"मॅडम, हे मी तुम्हाला दुसऱ्याच वर्षी सांगितलं होतं."

"काय?"

"दांडा बदलला की ठोका बदलतो म्हणून. बैठकीत आलेख दाखवला होता मी."

बाईंनी डोकं खाजवलं. आठवेना. खरंच आठवेना. लबाडी केली असती तर निदान लक्षात तरी राहिली असती!

"मग पुन्हा का नाही बोललीस?"

"तुमच्याशी?" पोर एवढंच म्हणाली.

बाई संगणकाकडे वळल्या. परीक्षकांना लिहायला घेतलं: प्रबंध थांबवावा, चूक उपकरणात आहे, उपकरण माझं आहे. विद्यार्थिनीला नव्यानं लिहायला मुदत द्यावी. मग जरा थांबून एक वाक्य जोडलं, 'ही चूक तिने मला पूर्वीच दाखवली होती, मी लक्ष दिलं नाही.' लिहिताना कान तापले. पण लिहिलं.

"वाच. बरोबर आहे का?"

पोरीनं सावकाश वाचलं. मग शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

"'लक्ष दिलं नाही' असं नाही, मॅडम. लक्ष दिलं होतं तुम्ही. सगळ्यांसमोर मला मूर्ख म्हणाला होतात."

बाईंनी ते वाक्य खोडलं, आणि पोर सांगेल तसं लिहायला घेतलं.