मिलिंद येऊन राहिला

परवा दोन दिवसांसाठी माहेरी, सडक अर्जुनीला गेले होते. आईला सांगितलं, सहज आले. खरं कारण वेगळंच होतं... शेजारच्या सिंधूमावशीजवळ एक गोष्ट कबूल करायची होती. सतरा वर्षं पोटात ठेवलेली.

मावशी हायवेवरच्या धाब्यात रोट्या करायची. तिचा एकुलता एक मिलिंद गावातल्या पोरांसोबत बांधकामाच्या कामाला हैदराबादला गेला. बाकीचे परतले, तो नाही. कुणी म्हणे दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला, कुणी म्हणे तापाने फणफणला होता... मावशी ठाण्यात खेटे घालून थकली आणि मग आमच्या ख्रिस्ती प्रार्थनेला यायला लागली.

हे १९९९ सालचं. पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी प्रार्थना व्हायची आणि महिन्यातून एकदा रायपूरकडचे एक पास्टर यायचे, भविष्यवाणी करणारे. मावशीचं घर बौद्ध, त्यामुळे वस्तीतले टोमणे मारायचे. ती तोंडावर सांगायची, "देव बदलाले नाही जाऊन राहिली मी. पोराचा पत्ता विचाराले जाऊन राहिली."

पास्टर हिंदीत बोलायचे. मी गोंदियाला कॉलेजात, हिंदी पक्की... म्हणून खेड्यांवरून आलेल्या बायकांना मराठीत सांगायचं काम माझं. एकोणीस वर्षांची पोर आणि हातात माईक! मी हवेतच असायचे.

त्या वर्षी सगळी भविष्यं जग संपण्याची होती. दोन हजार साल उजाडणार नाही, स्वर्गातून तुतारी वाजणार वगैरे. केशोरीच्या एका काकांनी तर घराची कौलं फेरलीच नाहीत, जगच बुडणार तर कशाला म्हणून... पावसाळ्यात जगाआधी त्यांचं घर गळायला लागलं.

अशाच एका रविवारी मावशी पुढे आली. पास्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग अगदी हळू, शेजारी उभ्या असलेल्या मलाही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "माई, बेटे की राह मत देख. प्रभु ने उसे अपने घर बुला लिया है."

माझ्या हातात माईक. समोर शेडभर माणसं... आणि मावशीचे मिटलेले डोळे. माझ्याच्याने ते वाक्य बोलवेना. मी म्हणाले, "प्रभू म्हणतो, मिलिंद येऊन राहिला."

शेडभर हालेलुया झालं. मावशी हळूच म्हणाली, आमेन.

माझा नवरा पुण्याचा. त्याला 'येऊन राहिला' म्हणजे आला आणि मुक्कामाला राहिला असं वाटतं. आमच्याकडे त्याचा अर्थ येतोय, वाटेत आहे. मिलिंद सतरा वर्षं वाटेतच होता... माझ्यामुळे.

दोन हजार साल उजाडलं आणि भविष्यं बदलली. पोराला रेल्वेत नोकरी लागेल, पोरीचा नर्सिंगला नंबर लागेल. पुढे परदेशी जाणाऱ्यांच्या पासपोर्टची भविष्यं आली. रस्ता चौपदरी व्हायला लागला तेव्हा कुणाचं घर वाचेल तेही प्रभू सांगू लागला. आता तर भविष्य मोबाईलवर येतं, आई मलाही फॉरवर्ड करते. आधी मी हसायचे. पण खरं सांगू? ज्या वर्षी माणसांचा जीव ज्यात अडकलेला असतो, त्या वर्षीची भविष्यवाणी त्याचीच असते.

मावशीचं भविष्य मात्र एकदाच सांगितलं गेलं... आणि ते मी सांगितलं होतं.

रस्त्यात तिचं अर्धं घर गेलं. भाऊ नागपूरला ये म्हणाला, ती गेली नाही. उरलेल्या जागेत नवी भिंत घातली आणि त्यात जुनंच निळं दार बसवलं... मिलिंदला ओळखू यावं म्हणून. आईने फोनवर हे सांगितलं आणि मला जेवण गेलं नाही. एकटी म्हातारी, दिवसभर ट्रकची धूळ खात तिथे बसलेली, कशासाठी? माझ्या एका वाक्यासाठी!

परवा दुपारी गेले. मावशी खूप वाळली आहे. भिंतीवर बुद्धाचा फोटो, बाजूला प्रार्थनेचं कॅलेंडर, तसंच. मी बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं आणि रडायलाच लागले.

"कायले रडून राहिली वं?" मावशी म्हणाली. "मले का हिंदी समजत नाही? वीस वर्सं धाब्यावर रोट्या केल्या मी. सरदारजीच्या शिव्या बी समजतात मले."

अख्खा जन्म हायवेवर, ट्रकवाल्यांच्या हिंदीत काढलेली ही बाई... आणि मी शहाणी तिला भाषांतर करून सांगत होते!

"तो बाबा का म्हणला, ते कानात गेलंच होतं माह्या. अंगातला जीवच गेला. मंग माईकवर तुहा आवाज आला. मनात म्हणलं, ही पोरगी माह्यासाठी देवासमोर खोटं बोलून राहिली... तं मी बी आमेन म्हणलं."

"मग मावशी, हे दार?"

तिने दाराकडे बघितलं. रस्त्यावरून ट्रक जात होते. "सांगणाऱ्यानं सांगतलं वं," ती म्हणाली, "पण आईले पटलं पाहिजे ना."

निघताना तिने माझा हात धरला. "एकदा अजून म्हण. तवा म्हणली होती तसंच."

आता माईक नव्हता, शेड नव्हतं. तरी म्हणाले. "मिलिंद येऊन राहिला, मावशी."

तिने डोळे मिटले. आमेन म्हणाली.

सतरा वर्षं मला वाटत होतं, मी तिला फसवलं. ती सगळं जाणून मला सांभाळून घेत होती... तिचे उपकार कुठल्याच भाषेत फिटायचे नाहीत.