ते अंडं मेंढरांनी तुडवलं नव्हतं

नव्वदच्या दशकात शिरूर-दौंडच्या शिवेवरल्या माळावर माळढोकाच्या एका मादीनं अंडं घातलं होतं. पावसाळ्यात ही मादी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ते मेंढरांनी तुडवलं, असा जबाब मी दिला आणि खाली सही केली. तो जबाब खोटा होता.

माळावर झाडं लावायच्या कामावर मी मुकादम होतो. मेंढपाळांचा मला तिटकारा होता. रोपं खाणारी जात, असं मी तोंडावर म्हणायचो. त्यातला एक, माझ्याहून वयानं मोठा, मला आडवा आला. अंड्याभोवती लांबवर दगड मांडून तो कळप बाहेरून वळवायचा.

"मुकादम, हितं खड्डं घेऊ नका. पाखरू बसलंय."

"माळ तुझ्या बापाचा हाय का?"

"न्हाई. तुमच्याबी न्हाई. पाखराला लांबवर दिसाय लागतं. मेंढरानं गवत खुरटं ठेवलं म्हणून आलंय. झाडं वाढली की कावळं बसत्याल वर. मंग अंडं ऱ्हाईल व्हय?"

"आता तू शिकव मला!"

त्याच दुपारी मी कामावरच्या बायांना अंड्याजवळच्या खड्ड्यांच्या ओळीला लावलं. तीन दिवस कुदळी चालल्या. मादी दूर उभी राहायची, चार पावलं पुढं यायची, माणूस हलला की मागं फिरायची. तिसऱ्या दिवशी ती दिसली नाही. अंडं कावळ्यांनी फोडलेलं मी स्वतः पाहिलं.

वनखात्याच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा मी मेंढरांचं नाव घेतलं. त्या मेंढपाळाची चराई बंद झाली. कळप विकून तो कुरकुंभला एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसला. माळावर गवत कमरेला लागलं, झाडं उंच झाली. मेंढरं हटवूनही माळढोक का येत नाही, याचं साहेबांना नवल वाटायचं.

निवृत्त झाल्यावर मी त्या फाटकावर गेलो आणि सगळं सांगितलं. त्यानं बसा म्हटलं नाही.

"मला काय सांगता? मेंढरं माझी व्हती, मला ठावं न्हाई व्हय? ज्याला खोटं सांगितलं, त्याला सांगा जा."

"ते साहेब वारले."

"मंग लिहून ठेवा. आन् बाजूला व्हा, गाडी येतीया."

लिहायला मला पुढं पंधरा वर्षं लागली. तोवर तोही गेला.